सही आणि साक्ष

अमेरिकेतील लॉस अलामॉस येथील प्रयोगशाळेत मे १९५५ मध्ये तयार झालेल्या ‘एलए-१९४०’ या क्रमांकाच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर माणसांच्या नावांच्या दोन याद्या आहेत. एका यादीत ज्यांनी काम केले त्यांची नावे आहेत, दुसरीत ज्यांनी अहवाल लिहिला त्यांची. एन्रिको फर्मी, जॉन पास्ता आणि स्टॅनिस्लाव उलाम ही तीन नावे दोन्हीकडे आहेत. मेरी त्सिंगू हे चौथे नाव मात्र केवळ काम करणाऱ्यांच्या यादीत आहे. संगणकालाच प्रयोगशाळा मानून केलेल्या अगदी आरंभीच्या प्रयोगांपैकी हा एक प्रयोग. त्यातून पुढे विज्ञानाच्या दोन-तीन शाखांना नवे वळण मिळाले, परंतु अर्धशतकभर तो तिघा पुरुषांच्या आडनावांनीच ओळखला गेला आणि चौथ्या नावाची आठवण विद्वज्जगताला करून देण्यासाठी २००८ साल उजाडावे लागले.

या अहवालाचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, तो कोणाही त्रयस्थ परीक्षकापुढे गेला नाही. फर्मी नोव्हेंबर १९५४ मध्ये, म्हणजे अहवाल पुरा होण्यापूर्वीच, निवर्तले. अहवाल कोणत्याही नियतकालिकात छापला गेला नाही आणि फर्मींच्या समग्र लेखसंग्रहात त्याला जागा मिळाली तेव्हा १९६५ साल चालू होते. म्हणजे ज्या कागदापासून संगणकीय सदृशीकरणाच्या, अर्थात सिम्युलेशनच्या, शास्त्राची एक मोठी परंपरा सुरू झाली, त्या कागदावर एका कर्त्या व्यक्तीची सही नाही आणि त्याच्या खरेपणाबद्दल कोणाची साक्षही नाही. शोधनिबंधावर सही कोणाची असावी आणि त्याची तपासणी कोणी, कोणाच्या देखत करावी, हे दोन प्रश्न विद्यापीठांच्या कारभारात सामान्यतः वेगवेगळ्या टेबलांवर निकालात काढले जातात. इतिहासात मात्र ते सतत एकमेकांच्या हातात हात घालून आलेले दिसतात, कारण दोहोंच्या मुळाशी एकच विचारणा आहे: या विधानाबद्दल उद्या जाब विचारला, तर उत्तर द्यायला कोण उभा राहील?

शोधनिबंधांच्या परीक्षणाची कथा लंडनच्या रॉयल सोसायटीपासून सांगण्याचा प्रघात आहे. सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डनबर्ग यांनी मार्च १६६५ मध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केले, तेव्हा काय छापावे आणि काय वगळावे याचा निर्णय प्रायः त्यांच्या एकट्याच्या विवेकावर होता. १७५२ मध्ये सोसायटीने हे नियतकालिक स्वतःच्या अखत्यारीत घेतले आणि निबंधांची निवड एका समितीकडे सोपवली. ही समिती गुप्त मतदानाने निर्णय करी. निबंध का स्वीकारला अथवा का नाकारला याची कारणे देण्याचे बंधन तिच्यावर नव्हते. निबंध वाचून त्यावर लेखी अभिप्राय देणारा परीक्षक या व्यवस्थेत अजून जन्माला यावयाचा होता.

तो जन्माला आला १८३१ मध्ये, आणि विशेष म्हणजे तो उघड्यावर जन्माला आला. केंब्रिजचे विल्यम ह्यूएल यांनी त्या वर्षी असे सुचवले की, सोसायटीकडे आलेल्या महत्त्वाच्या निबंधांवर जाणकार सभासदांनी अहवाल लिहावेत आणि ते सोसायटीच्या नव्या कार्यवृत्तात प्रसिद्ध करावेत. त्यांचा हेतू निबंधकाराला अडवण्याचा नव्हता. नवे संशोधन कोणत्या मोठ्या विचाराचा भाग आहे हे वाचकांना समजावे आणि लेखकालाही आपले लेखन कोणीतरी लक्षपूर्वक वाचल्याचे समाधान मिळावे, अशी त्यांची उदार कल्पना होती. या प्रयोगासाठी निवडलेला पहिला निबंध जॉर्ज बिडेल एअरी यांचा होता. शुक्राच्या तेरा परिभ्रमणांना जवळजवळ तेवढाच काळ लागतो जेवढा पृथ्वीच्या आठ परिभ्रमणांना लागतो, आणि या जुळणीमुळे दोन्ही ग्रहांच्या गतीत सुमारे २४० वर्षांच्या आवर्तनाचा एक अतिसूक्ष्म चढउतार निर्माण होतो, हे एअरींनी कागदावर पाने भरभरून केलेल्या गणिताने दाखवले होते. आज असा प्रश्न संगणकावर सोडवला गेला असता, आणि म्हणून सोसायटीचा पहिला परीक्षित निबंध हा एका अर्थाने दीर्घ गणनेचाच निबंध होता, हा योग आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे.

परीक्षक दोन होते: स्वतः ह्यूएल आणि खगोलगणितज्ञ जॉन विल्यम लबक. पहिल्याच पावलाला दोघांत मतभेद झाला. ह्यूएल यांना निबंधाचे स्थान आणि महत्त्व सांगायचे होते. लबक यांना गणिताची एकेक पायरी पडताळून पाहायची होती, आणि एअरींनी काही ठिकाणी अधिक चांगली रीत वापरावयास हवी होती असे त्यांचे म्हणणे होते. लबक यांनी आपले आक्षेप थेट एअरींनाच कळवले. एअरींना ते रुचले नाही. पत्रे इकडून तिकडे गेली. अखेर १८३२ मध्ये जो संयुक्त अहवाल बाहेर पडला तो मुख्यत्वे ह्यूएल यांच्याच धाटणीचा होता, आणि लबक यांनी त्यावर सही करून वाद मिटवला. पुढे थोड्याच काळात अहवाल छापण्याची प्रथा मावळली. परीक्षक राहिला, परंतु त्याचा अहवाल दफ्तरात बंद झाला आणि त्याचे नाव पडद्याआड गेले. परीक्षण म्हणजे रसग्रहण की पडताळणी, हा ह्यूएल आणि लबक यांच्यातील मूळ प्रश्न मात्र सुटला नव्हता. तो एका बंद खोलीत नेऊन ठेवला गेला, इतकेच.

त्या बंद खोलीने विज्ञानाची सेवा केली नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९३६ मध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी गुरुत्वीय लहरी अस्तित्वात नाहीत असा निष्कर्ष काढणारा निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे पाठवला. संपादक जॉन टेट यांनी तो एका परीक्षकाकडे दिला आणि परीक्षकाने दहा पानी टिपणात त्यातील दोष दाखवला. आपला निबंध छापण्यापूर्वी परक्या माणसाला दाखवण्याचा अधिकार आपण दिलेला नाही, असे कळवून आइन्स्टाइन यांनी निबंध परत घेतला व अन्यत्र पाठवला. परंतु छपाईपूर्वी निष्कर्ष बदलला. हा बदल घडण्यात एच. पी. रॉबर्टसन यांचा मोठा भाग होता; प्रिन्स्टनला परतल्यावर त्यांनी आइन्स्टाइन यांचे सहकारी लिओपोल्ड इन्फेल्ड यांना युक्तिवादातील चूक समोरासमोर बसून समजावून दिली. निनावी परीक्षकही हेच रॉबर्टसन होते, हे संपादकीय नोंदवहीच्या आधारे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. परीक्षकाची साक्ष खरी होती. तिला नाव नव्हते, म्हणून ती अपमान वाटली, आणि तेच म्हणणे मित्राच्या तोंडून चर्चेत आले तेव्हा ते पटले. गुप्त परीक्षणाचे बळ आणि त्याची उणीव या एका प्रसंगात जितकी स्वच्छ दिसते तितकी अन्यत्र क्वचित दिसेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर संशोधनाचा पसारा वाढला, सरकारी पैसा आला, आणि बाहेरच्या परीक्षकाची पद्धत हळूहळू सार्वत्रिक झाली; ‘नेचर’सारख्या नियतकालिकाने तर ती सर्व निबंधांना सरसकट १९७३ मध्ये लागू केली. परंतु याच काळात विज्ञानात एक नवी वस्तू आली होती, जिच्यासाठी ही पद्धत घडवलेलीच नव्हती. ती वस्तू म्हणजे संगणकाची आज्ञावली.

रसायनशाळेतील प्रयोगाचे वर्णन निबंधात वाचून दुसऱ्या शहरातील शास्त्रज्ञ तोच प्रयोग करून पाहू शकतो. प्रमेयाची सिद्धता तर निबंधातच असते. सदृशीकरणात मात्र प्रयोग हा आज्ञावलीत असतो आणि निबंधात केवळ त्याचा वृत्तांत असतो. रेणूंना आरंभीचे वेग कसे दिले, काळाचे पाऊल किती लहान घेतले, यादृच्छिक संख्या कोठून आणल्या, सीमेवर काय होते असे मानले, या शेकडो निर्णयांपैकी पाच-दहाच निबंधात उतरतात. म्हणून येथे आज्ञावली लिहिणारा हाच प्रयोग करणारा असतो. परंतु पहिल्या पिढीतील विद्वानांनी ते काम कारकुनी स्वरूपाचे मानले, आणि ते बहुशः स्त्रियांच्या हाती असल्यामुळे तसे मानणे त्यांना अधिकच सोपे गेले.

१९५० मध्ये चार्नी, फ्योर्टॉफ्ट आणि फॉन नॉयमन यांनी एनिअ‍ॅक यंत्रावर हवामानाचे पहिले संख्यात्मक भाकीत केले. त्यांच्या निबंधाच्या शेवटी क्लारा फॉन नॉयमन यांचे आभार आहेत: यंत्राला आज्ञा देण्याचे तंत्र शिकवल्याबद्दल आणि अखेरची आज्ञावली तपासल्याबद्दल. एडवर्ड लॉरेन्झ यांच्या १९६३ मधील ज्या निबंधापासून अव्यवस्थेच्या आधुनिक अभ्यासाची गणना करतात, त्यात संख्यात्मक गणना सांभाळल्याबद्दल एलेन फेटर यांचे आभार आहेत. आभार हा सौजन्याचा व्यवहार आहे आणि त्या काळी तो प्रामाणिकपणेच केला गेला. परंतु आभाराच्या ओळीत आलेले नाव ग्रंथालयाच्या सूचीत चढत नाही, आणि जे सूचीत चढत नाही ते पुढच्या पिढीच्या स्मरणातून उतरते.

याच काळात एक सन्माननीय अपवाद घडला, पण त्यालाही नशिबाने साथ दिली नाही. १९५३ मध्ये ‘जर्नल ऑफ केमिकल फिजिक्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधावर पाच नावे आहेत: निकोलस मेट्रोपोलिस, आरिआना व मार्शल रोझेनब्लूथ, ऑगस्टा व एडवर्ड टेलर. मॅनिअ‍ॅक यंत्रावर २२४ कणांची द्विमितीय व्यवस्था घेऊन यादृच्छिक पावलांनी तिचे गुणधर्म काढण्याची जी रीत त्यांनी मांडली, ती आज पदार्थविज्ञानापासून संख्याशास्त्रापर्यंत सर्वत्र वापरली जाते. आज्ञावली लिहिण्याचा आरंभ ऑगस्टा टेलर यांनी केला होता. पूर्ण आज्ञावली आरिआना रोझेनब्लूथ यांनी लिहिली. येथे कर्त्या स्त्रियांच्या सह्या आहेत. परंतु नावे वर्णानुक्रमाने मांडलेली असल्यामुळे मेट्रोपोलिस हे नाव प्रथम आले आणि रीतीला तेच चिकटले. पन्नास वर्षांनी, २००३ मध्ये, मार्शल रोझेनब्लूथ यांनी आपल्या आठवणीत सांगितले की, त्या कामात मेट्रोपोलिस यांचा वाटा यंत्रावर वेळ उपलब्ध करून देण्यापलीकडे नव्हता. पाच नावांची नुसती यादी कोणी काय केले हे सांगत नाही, आणि जे लेखी सांगितलेले नाही ते अर्धशतकानंतर एका वृद्ध शास्त्रज्ञाच्या जबानीवर अवलंबून राहते, हा या प्रकरणाचा बोध आहे.

आता पुन्हा मेरी त्सिंगू यांच्याकडे वळू. त्या १९५२ मध्ये लॉस अलामॉसला रुजू झाल्या आणि मॅनिअ‍ॅकवर काम करू लागल्या. फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रश्न दिसायला साधा होता. कणांची एक साखळी घ्यावी, शेजारच्या कणांना स्प्रिंगने जोडावे, स्प्रिंगच्या ताणात सरळ प्रमाणापासून किंचित विचलन ठेवावे, आणि आरंभी सर्व ऊर्जा एकाच संथ लयीच्या कंपनात घालून काय होते ते पाहावे. अपेक्षा अशी होती की, कालांतराने ही ऊर्जा सर्व लयींमध्ये वाटली जाईल. प्रारंभी तसेच होताना दिसले. परंतु गणना पुढे चालू ठेवली तेव्हा ऊर्जा दोन-चार लयींमध्ये फिरून जवळजवळ सगळीच्या सगळी पहिल्या लयीत परत आली. हा अनपेक्षित निकाल खरा मानायचा तर आज्ञावलीत चूक नाही याची खात्री हवी, आणि ती खात्री देऊ शकणारी व्यक्ती म्हणजे ज्या बाईने ती आज्ञावली लिहून यंत्रावर चालवली ती. अहवालात त्यांचे आभार आहेत, मुखपृष्ठावर काम करणाऱ्यांत नाव आहे. परंतु पुढे ज्यांनी या अहवालाचा उल्लेख केला त्यांनी लेखकांचीच यादी उतरून घेतली. त्सिंगू यांनी १९७२ मध्ये जेम्स टक यांच्यासह याच प्रश्नावर पुढचा निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा त्या विवाहानंतरचे मेन्झेल हे नाव लावीत होत्या, आणि मुखपृष्ठावरील त्सिंगू म्हणजेच या मेन्झेल हे सहजी कोणाच्या ध्यानात आले नाही. २००८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ थिएरी दोक्सवा यांनी ‘फिजिक्स टुडे’मध्ये त्यांची कहाणी मांडली आणि त्यांनी आखलेला गणनेचा आराखडाही छापला. तेव्हापासून अनेक अभ्यासक या प्रश्नाच्या नावात त्यांचे नाव जोडू लागले आहेत. एका निबंधाच्या कर्त्यांच्या यादीत इतक्या उशिरा झालेली ही नैतिक दुरुस्ती आहे.

सहीच्या बाजूची ही उणीव. साक्षीच्या बाजूची उणीव अलीकडच्या एका वादात दिसून आली. शून्य अंशाच्या कितीतरी खाली नेऊनही द्रवरूप राहिलेल्या पाण्याच्या दोन वेगळ्या द्रवावस्था असतात काय, हा प्रश्न प्रत्यक्ष प्रयोगाने सोडवणे फार कठीण, म्हणून तो सदृशीकरणाकडे आला. बर्कलेच्या डेव्हिड चँडलर आणि डेव्हिड लिमर यांनी २०११ मध्ये दुसरी द्रवावस्था नाही असे प्रतिपादन केले. प्रिन्स्टनच्या पाब्लो डेबेनेडेट्टी यांच्या गटाने पाण्याच्या एका विशिष्ट प्रतिमानासाठी ती आहे असे २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवले. दोन्ही पक्ष आपल्या क्षेत्रातील अग्रगण्य, दोन्हींचे निबंध रीतसर परीक्षित, प्रतिमान तेच, आणि उत्तरे मात्र परस्परविरोधी. कित्येक वर्षे वाद तत्त्वांवर झडत राहिला. अखेर एका पक्षाची आज्ञावली दुसऱ्या पक्षाला ओळीओळीने पाहायला मिळाली, तेव्हा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चिकित्सेत प्रिन्स्टनच्या गटाने मतभेदाचे मूळ दाखवले: बर्कलेच्या आज्ञावलीत रेणूंना आरंभीचे वेग नेमून देण्याच्या पायरीत दोष होता. तोवर चँडलर २०१७ मध्ये निवर्तले होते. निबंध वाचणाऱ्या कोणाही परीक्षकाला हा दोष दिसणे शक्यच नव्हते, कारण तो निबंधात नव्हताच. ह्यूएल यांच्या पद्धतीने वाचणारे परीक्षक या वादात दोन्ही बाजूंना मिळाले होते; आज्ञावलीची एकेक पायरी पाहणारा लबक मात्र सात वर्षे उशिरा आला.

शोधनिबंधांचे परीक्षण पुन्हा उघड्यावर आणण्याची चळवळ याच्या आधीच सुरू झाली होती. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने १९९९ मध्ये परीक्षकांची नावे लेखकांना कळवण्यास प्रारंभ केला. २००१ मध्ये युरोपातील भूभौतिकी संस्थेच्या वतीने वातावरणाच्या रसायनशास्त्राला वाहिलेले ‘अ‍ॅटमॉस्फेरिक केमिस्ट्री अँड फिजिक्स’ निघाले, आणि उलरिश पोश्ल यांच्या पुढाकाराने त्यात एक वेगळीच रीत बसवण्यात आली. निबंध आला की संपादकाने एक प्राथमिक नजर टाकावी आणि तो लगेच चर्चेसाठी प्रसिद्ध करावा. नेमलेल्या परीक्षकांचे अभिप्राय त्याच्याच खाली छापावेत. परीक्षकाने सही करायची की निनावी राहायचे हे त्याने ठरवावे. अन्य कोणाही शास्त्रज्ञाला आपल्या नावानिशी आक्षेप घेता यावा. लेखकाने प्रत्येकाला जाहीर उत्तर द्यावे. आणि त्यानंतरच सुधारलेला निबंध अंतिम म्हणून स्वीकारावा. निबंध, आक्षेप, उत्तर आणि दुरुस्ती असे चारही दस्तऐवज कायम राहतात. ह्यूएल यांच्या मूळ कल्पनेला इतके जवळचे रूप १७० वर्षांत मिळाले नव्हते.

सर्वत्र मात्र असे स्वागत झाले नाही. ‘नेचर’ने २००६ मध्ये उघड्या परीक्षणाची चाचणी घेतली, तेव्हा त्या मुदतीत परीक्षणास गेलेल्या १,३६९ निबंधांपैकी केवळ ७१ निबंधांचे लेखक तयार झाले, आणि त्यातल्याही ३३ निबंधांवर कोणी एक शब्द लिहिला नाही. वरिष्ठांवर उघड टीका करण्याचा संकोच आणि दुसऱ्याच्या कामासाठी श्रेयाविना वेळ देण्याची अनिच्छा, ही दोन्ही कारणे त्यामागे असावीत असे वाटते. तथापि काळ बदलत गेला. स्वीकृत निबंधासोबत परीक्षकांचे अहवाल छापण्याची प्रथा एकेका नियतकालिकाने अंगीकारली, आणि ज्या ‘नेचर’ची चाचणी फसली होती त्यानेच जून २०२५ पासून सर्व नव्या संशोधनपर निबंधांसाठी ती लागू केली.

सदृशीकरणाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे पाऊल २००८ मध्ये निघालेल्या ‘जिओसायंटिफिक मॉडेल डेव्हलपमेंट’ या नियतकालिकाने टाकले. हवामान, महासागर, हिमनद्या यांची प्रतिमाने रचणाऱ्यांचे रचनेचे काम हेच येथे निबंधाचा विषय मानले गेले. परीक्षण उघडे; आणि २०१३ मध्ये संपादकांनी असा दंडक घातला की, निबंधाच्या शीर्षकातच प्रतिमानाचे नाव व आवृत्तीचा क्रमांक असावा आणि आज्ञावली कोठे मिळेल हे सांगितलेले असावे. एका क्रमांकाने काय फरक पडतो, असे बाहेरच्या माणसाला वाटेल. परंतु प्रतिमान दरवर्षी बदलते. कोणत्या आवृत्तीने कोणते उत्तर दिले हे नोंदले नसेल, तर दहा वर्षांनी ते उत्तर पडताळणे अशक्य होते. जीवशास्त्रातील व्यक्ति-आधारित प्रतिमानांसाठी फोल्कर ग्रिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये वर्णनाचा जो ठराविक साचा घालून दिला, त्यामागेही हीच निकड होती. मार्च २०२० मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील साथरोगाच्या प्रतिमानाने ब्रिटनच्या सरकारी धोरणाला दिशा दिली, तेव्हा परीक्षणाविना आलेल्या त्या अहवालामागची आज्ञावली जगाने मागितली. ती साफसूफ करून काही आठवड्यांनी जाहीर झाली, आणि केंब्रिजच्या स्टीफन एग्लेन यांनी ती स्वतंत्रपणे चालवून अहवालातील निष्कर्ष पुन्हा मिळतात हे दाखवले. एखाद्या देशाचे व्यवहार थांबवणाऱ्या गणनेची साक्ष अशीच, सर्वांसमक्ष, काढली गेली पाहिजे.

साक्षीची व्यवस्था अशी सुधारत असताना सहीची व्यवस्थाही बांधली जात होती. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचा जो गट १९७८ मध्ये व्हँकुव्हर येथे जमला, त्याने १९८५ मध्ये लेखक कोणाला म्हणावे याचे निकष ठरवले, आणि २०१३ मध्ये त्यांत एक कलम वाढवले: निबंधाच्या कोणत्याही भागाच्या खरेपणाबद्दल प्रश्न उठला तर त्याचा छडा लावण्याची जबाबदारी प्रत्येक लेखकाने पत्करली पाहिजे. लेखकांच्या यादीत मागाहून नाव घालायचे वा काढायचे असेल, तर त्याचे कारण आणि सर्व लेखकांची लेखी संमती हवी. ज्याचे नाव निघणार त्याचीही हवी. आपल्याकडे जमिनीच्या मालकीत बदल करताना तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद घेतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावाचून सात-बारावर नवे नाव चढत नाही. शोधनिबंधातील नावांचा फेरफार याहून कमी गांभीर्याने व्हावा, याला काही आधार नाही.

हे गांभीर्य आवश्यक का आहे, तेही गेल्या काही वर्षांत दिसून आले. स्वीकृत निबंधावर लेखकाची जागा पैसे घेऊन विकण्याचा धंदा उभा राहिला. चीनमधील या बाजाराचा तपास ‘सायन्स’ने २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. निबंध मंजूर झाल्यावर एकाएकी दोन-चार अपरिचित नावे जोडण्याची विनंती आली, तर संपादक आता सावध होतात. परंतु सदृशीकरणात यादी बदलण्याची सच्ची कारणेही वारंवार उद्भवतात. परीक्षकाने मागितलेली नवी गणना करण्यासाठी एखादा तरुण सहकारी महिनोन्महिने आज्ञावलीवर काम करतो. त्याचे नाव वाढवणे न्याय्य आहे आणि न वाढवणे अन्याय आहे. चर्चा उघडी असेल तर परीक्षकाची मागणी, तिला मिळालेले उत्तर आणि त्या उत्तरामागचे हात हे तिन्ही वाचकाला दिसतात, आणि वाढलेल्या नावाबद्दल संशयाला जागा उरत नाही. सही आणि साक्ष यांचा सांधा येथे प्रत्यक्ष जुळतो. कोणी काय केले हे नोंदवण्यासाठी २०१२ मध्ये हार्वर्डमध्ये भरलेल्या एका बैठकीतून चौदा भूमिकांची जी वर्गवारी निघाली आणि २०२२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय मानक झाली, तिच्यात आज्ञावली लिहिण्याची भूमिका स्वतंत्र आहे, पडताळणीची स्वतंत्र आहे आणि लेखनाची स्वतंत्र आहे. ही वर्गवारी १९५३ मध्ये असती, तर कोणाच्या आठवणींवर विसंबावे लागले नसते.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध दूरचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध प्रसिद्ध होणे अनिवार्य केले, आणि त्यामुळे जी मागणी निर्माण झाली तिचा लाभ निकृष्ट नियतकालिकांनी भरपूर उठवला. त्यांना आळा घालण्यासाठी आयोगाने २०१८ मध्ये जी योजना जाहीर केली तिचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील कक्षाकडे आले. प्रकाशनाची सक्ती २०२२ मध्ये उठली आणि त्या योजनेतील मान्य नियतकालिकांची यादीही २०२५ मध्ये बंद झाली. आता गुणवत्ता ठरवण्याचा भार ज्या-त्या संस्थेवर आहे. त्याच पुण्यात पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने अमेरिकेतील एका प्रतिमानाचा पाया घेऊन, त्यात वर्षानुवर्षे भर घालून, आपले पृथ्वी-प्रणाली प्रतिमान उभारले आणि जागतिक हवामान-प्रतिमानांच्या सहाव्या तुलना-प्रकल्पात भारताच्या वतीने ते उतरवले. अशा प्रतिमानात शेकडो हातांचे काम मुरलेले असते आणि त्यातून निघणाऱ्या मान्सूनच्या भाकितांवर येथील शेतकऱ्याचे वर्ष अवलंबून असते. त्या हातांची नोंद ठेवणे हा आपल्याही दफ्तराचा प्रश्न आहे.

उघड्या परीक्षणावरचा सर्वांत वजनदार आक्षेप नजरेआड करता येत नाही. आपल्या नेमणुकीचा निर्णय ज्याच्या हाती आहे त्याच्या निबंधातील चूक सही करून दाखवणे तरुण संशोधकाला धोक्याचे असते, आणि श्रेणीबद्ध संस्थांत हा धोका काल्पनिक नसतो. म्हणून परीक्षकाच्या नावाची सक्ती नसावी. परंतु अहवालाची प्रसिद्धी मात्र अपवादरहित असावी, हा २००१ पासून चालत आलेला तोडगा प्रस्तुत लेखकाला सर्वांत सुज्ञ वाटतो. परीक्षकाने नाव झाकले तरी त्याचा युक्तिवाद उजेडात राहतो, आणि त्याचे उत्तर लेखकाला सर्वांसमक्ष द्यावेच लागते. लेखकाला मात्र अशी मुभा नाही: ज्याने प्रयोग केला त्याचे नाव असलेच पाहिजे, आणि सदृशीकरणात प्रयोग करणारा म्हणजे आज्ञावली लिहिणाराही आहे.

आपल्या विद्यापीठांतून आणि संशोधन-संस्थांतून आज शेकडो विद्यार्थी पुलांची, पावसाची, प्रथिनांची, बाजारांची सदृशीकरणे करीत आहेत. त्यांच्या मार्गदर्शकांना एवढीच विनंती आहे की, कामाच्या पहिल्याच आठवड्यात एक नोंदवही उघडावी. आज्ञावलीचा कोणता भाग कोणी लिहिला, कोणी तपासला, कोणत्या आवृत्तीने कोणता आलेख निघाला हे तारखेनिशी तिच्यात लिहावे. लेखकांच्या यादीतील प्रत्येक बदल कारण नमूद करून सर्वांच्या सहीने करावा. आणि निबंध पाठवताना आज्ञावलीही परीक्षकाच्या हवाली करावी. यासाठी कोणत्याही शासकीय फर्मानाची गरज नाही. हा निर्णय प्रत्येक मार्गदर्शक स्वतःच्या अखत्यारीत आजच घेऊ शकतो.